घोड्याची जखम आणि थंड किरण

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लोक घोड्याची चाल बघतात, कान बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात. काही वर्षांपूर्वी मी मात्र तिथे घोड्यांचे गुडघ्याखालचे पाय बघत फिरलो होतो. एका घोड्याच्या पुढच्या पायावर केस न उगवलेल्या आडव्या रेषा एकाखाली एक होत्या. तापवलेल्या लोखंडाचे डाग. मालकाला विचारले, तर त्याने काही लपवाछपवी केली नाही. पाय सुजला होता, डाग दिले, पुढे तीन महिने बांधून ठेवला, बरा झाला. त्याने सरळ सांगून टाकले. त्याच्या लेखी ती खूण म्हणजे व्यंग नव्हते, इलाज झाल्याची पावती होती.

डाग दिले म्हणून पाय बरा झाला, की तीन महिने बांधून ठेवला म्हणून? मी हे विचारले नाही. बाजारात असले प्रश्न विचारायचे नसतात. पण तो प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढे वेगळ्याच संदर्भात समोर आला. शर्यतीच्या आणि खेळाच्या घोड्यांच्या पागांमध्ये आज जगभर एक छोटे यंत्र दिसते. त्यातून लाल किंवा डोळ्याला न दिसणारा अवरक्त किरण निघतो. मोतद्दार किंवा पशुवैद्यक तो जखमेवर काही मिनिटे फिरवतात, रोज किंवा दिवसाआड. जळण्याचा वास नाही, फोड नाही, घोडा हलतसुद्धा नाही. काही आठवड्यांनी जखम भरते आणि पावती लेसरच्या नावाने फाडली जाते. लोखंडाचा डाग आणि थंड किरण यांच्यामध्ये काही हजार वर्षांचे अंतर आहे. पावती फाडण्याची रीत मात्र बरीचशी तीच आहे. या लेखात मला त्या रीतीचा इतिहास पाहायचा आहे, कारण ती तपासून बघण्याचे साधन अखेरीस घोड्यानेच पुरवले.

आधी जखमेबद्दल. घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या घोट्याखाली मांस जवळजवळ नसते. कातडी, कंडरा आणि हाड, एवढाच मामला. कातडी हाडावर ताणून बसवल्यासारखी असते. रक्तपुरवठा बेताचा आणि हा भाग अंगाच्या मानाने थंड. त्यातच जमिनीलगत असल्यामुळे माती, शेण, मूत्र यांचा सततचा संपर्क. वर सांध्याची हालचाल. शिवाय घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. पाय कशात अडकला की थांबून सोडवून घेणे त्याच्या स्वभावात नाही, तो हिसका मारतो. १८७४ साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि पुढच्या काही दशकांत ही तार जगभरच्या कुरणांभोवती पसरली. गुरांना आवर घालण्यासाठी काढलेल्या या वस्तूने घोड्याच्या पायाचे जितके नुकसान केले, तितके फार थोड्या शोधांनी केले असेल.

अंगावर, म्हणजे बरगडीवर किंवा मांडीवर झालेली मोठी जखमही घोडा आश्चर्य वाटावे इतक्या चांगल्या रीतीने भरून काढतो. तिथे भोवतालची कातडी आत ओढली जाते आणि जखम आक्रसत जाते. पायावर हे ओढणे फारसे जमत नाही. तिथे नवी कातडी काठाकडून मध्याकडे सरकत यावी लागते आणि तिचा वेग दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही भरत नाही. मोजमापांत तो ०.०९ मिलिमीटरच्या आसपास आढळला आहे. अंगावर तोच वेग साधारण दुप्पट असतो. नुसत्या या वेगाने एक सेंटिमीटर रुंदीची उघडी पट्टी दोन्ही काठांकडून झाकायची म्हटली, तरी पन्नासहून अधिक दिवस हवेत. तेवढ्या काळात जखमेतले तांबडे दाणेदार मांस वाढत वाढत कातडीच्या पातळीच्या वर येते, फुलकोबीसारखे फुगते आणि काठाच्या कातडीची वाटच अडवते. इंग्रजीत त्याला ‘प्राउड फ्लेश’, म्हणजे गर्विष्ठ मांस म्हणतात. नाव समर्पक आहे. पशुवैद्यकाने ते कापायचे, त्याने पुन्हा माजायचे, असा खेळ महिनोन्महिने चालतो.

यात आणखी एक गंमत आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे यासिंता विल्मिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोडे आणि तट्टे यांच्या जखमांची तुलना केली. १९९९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सारख्याच जखमा तट्टांमध्ये लवकर आणि नीट भरल्या. तट्टाचे शरीर सुरुवातीलाच जोरदार दाह निर्माण करते, घाण साफ करते आणि मोकळे होते. मोठ्या घोड्याचा दाह सुरुवातीला मंद आणि नंतर रेंगाळणारा असतो. हे वाचताना भीमथडीची तट्टे आठवल्याशिवाय राहत नाहीत: मराठ्यांच्या फौजेत चाललेली, पुढे धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारी, काटक म्हणून नावाजलेली. उत्रेख्तची तट्टे वेगळी, आपली वेगळी. तेव्हा इथून उडी मारून भीमथडीच्या जखमा लवकर भरत असत असे म्हणणे चुकीचे ठरेल. मोह होतो, एवढेच.

अशा हट्टी जखमेवर माणसाने काय काय केले? अश्ववैद्यक आपल्याकडे जुने. शालिहोत्र हे नाव इतके रुळले की घोड्याच्या वैद्याला सालोत्री हाच शब्द पडला. नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांच्या चिकित्सकांची कामे सांगितलेली आहेत. माणसांच्या बाबतीत सुश्रुताने व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आणि अग्निकर्माला, म्हणजे डागण्याला, स्वतंत्र अध्याय दिला. तापलेले लोखंड रक्त थांबवते आणि सडलेला भाग जाळते, इतके निरीक्षण त्यामागे निश्चित होते. ज्या काळी जंतू ठाऊक नव्हते त्या काळी हे थोडेथोडके नव्हे. अरब आणि युरोपीय अश्ववैद्यकातही डागणीला मानाचे स्थान होते.

पण त्याच परंपरेत एक दुसरा, हळू आवाजही आहे. तेराव्या शतकात इटलीत थिओडोरिक बोर्गोन्योनी नावाचा बिशप होऊन गेला. तो शल्यवैद्य होता आणि घोड्यांच्या वैद्यकावरही त्याने लिहिले आहे. जखमेत पू झालाच पाहिजे, पू हे बरे होण्याचे लक्षण, असे त्या काळी मानत. थिओडोरिक म्हणाला की पू मुळीच आवश्यक नाही. जखम वाइनने धुवा, काठ जुळवा आणि बांधा. त्याचे फारसे कुणी ऐकले नाही. १५३७ साली उत्तर इटलीतल्या मोहिमेत आंब्रोआज पारे या तरुण फ्रेंच शल्यवैद्याजवळचे उकळते तेल संपले. बंदुकीच्या जखमा त्या तेलाने जाळण्याची तेव्हा रीत होती. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहिले तर तेलाने जाळलेले शिपाई वेदनेने तळमळत होते, त्यांच्या जखमा सुजल्या होत्या. मलमवाले मात्र बऱ्यापैकी निवांत होते.

पारेची ही गोष्ट वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात येते. मला तिच्यातली एकच बाब इथे हवी आहे. तेल संपले नसते तर तुलना झाली नसती. जाळलेले आणि न जाळलेले शिपाई एकाच तळावर, एकाच रात्री शेजारी शेजारी पडलेले होते, म्हणून फरक दिसला. टंचाईने घडवून आणलेला तो प्रयोग होता. अशीच एक टंचाई सव्वाचारशे वर्षांनी पुन्हा कामी येणार होती.

माणसांच्या शल्यशास्त्रातून डागणी हळूहळू मागे पडली. घोड्यांच्या बाबतीत ती टिकली, विशेषतः कंडरेच्या दुखापतींसाठी. १७६१ साली क्लोद बुर्जेला याला ल्यों येथे पशुवैद्यक शाळा काढण्याची परवानगी मिळाली आणि सालोत्र्याचा धंदा शास्त्र होऊ लागला. आपल्याकडे परळला १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तरी डागण्याचे लोखंड हत्यारांच्या पेटीत राहिलेच, विलायतेतल्या पेट्यांतही. त्याच्या बाजूने युक्तिवाद असा, की डाग दिल्याने जुनाट दुखणे पुन्हा ताजे होते, रक्त धावते, आणि घोड्याला सक्तीची विश्रांती मिळते. यातला शेवटचा भाग खरा होता. ब्रिस्टल येथे इयन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी डागलेल्या आणि न डागलेल्या कंडरांचा कसोशीने अभ्यास केला. १९८३ साली तो प्रसिद्ध झाला. डागण्याने कंडरा बरी होण्यास काहीही मदत होत नाही, असे त्यातून निघाले. १९९१ साली ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने डागणी व्यवसायनीतीला धरून नाही असे ठरवले. सारंगखेड्याच्या त्या मालकाला जे मी विचारले नव्हते, त्याचे उत्तर असे आधीच देऊन झालेले होते: विश्रांतीचे श्रेय लोखंडाने लाटले होते.

लोखंड बाहेर पडत होते त्याच वर्षांत पागेच्या दाराशी दुसरे काही येऊन उभे राहिले होते. त्याचा जन्म पागेपासून फार लांब झाला. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमनने माणिकाच्या एका छोट्या दांडीतून पहिला लेसर किरण काढला. आइन्स्टाइनने १९१७च्या सुमारास कागदावर मांडलेली उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना तेव्हा प्रत्यक्षात उतरली. वृत्तपत्रांना लगेच ‘मृत्युकिरण’ दिसला. डॉक्टरांनाही तसेच काहीसे दिसले, फक्त मरायचे होते ते कर्करोगाच्या गाठीने. बोस्टनमध्ये पॉल मॅकगफने १९६३च्या सुमारास माणकाच्या लेसरने प्राण्यांमधल्या गाठी नष्ट करण्याचे प्रयोग केले आणि त्यात त्याला यश आले.

बुडापेस्टमधल्या एन्द्रे मेस्टर या शल्यवैद्याला ते करून बघायचे होते. मेस्टर १९०३ सालचा. म्हणजे साठी उलटलेली. त्याने उंदरांची पाठ भादरली, कातडीखाली गाठीच्या पेशी घातल्या आणि माणकाचा लेसर टाकला. गाठी जशाच्या तशा राहिल्या. त्याचे यंत्र मॅकगफच्या यंत्राच्या मानाने फारच कमजोर होते. इथे एखाद्याने यंत्राला नावे ठेवून विषय संपवला असता. मेस्टरने उंदरांकडे नीट पाहिले. ज्यांच्यावर किरण पडला होता त्यांचे भादरलेले केस इतरांपेक्षा लवकर उगवत होते, आणि पेशी घालताना दिलेल्या छेदांच्या जखमाही लवकर भरताना दिसत होत्या. हे १९६७ साल. पुढची काही वर्षे त्याने जखमांवरच काम केले आणि मग माणसांच्या पायांवरच्या, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या व्रणांवर हा मंद किरण वापरून पाहिला. १९८४ साली तो वारला तेव्हा त्याने सुरू केलेल्या गोष्टीला ‘कोल्ड लेसर’, ‘सॉफ्ट लेसर’, ‘लो लेव्हल लेसर थेरपी’ अशी अनेक नावे पडलेली होती. आता शास्त्रीय लिखाणात ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ म्हणतात. नाव जितके लांब होत गेले तितकी खात्री वाढली, असे मात्र नाही.

पारेचे तेल संपले, मेस्टरचे यंत्र दुबळे निघाले. दोघांच्याही हाती कमी आले आणि कमी हेच औषध असू शकते असे त्यांना दिसले. साम्य मोहक आहे, पण फरकही लक्षात घ्यावा. पारेने जाळणे थांबवले. म्हणजे अपाय काढून घेतला. मेस्टरने काही तरी नवे दिले. अपाय काढून घेतल्याचा फायदा एका रात्रीत दिसतो. नव्याने दिलेल्या गोष्टीचा फायदा सिद्ध करायला पुष्कळ रात्री लागतात.

प्रकाशाने जखम का भरावी? प्रकाशाच्या औषधी उपयोगाला प्रतिष्ठा आधीच मिळाली होती. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ सालचे नोबेल मिळाले. पण तो तीव्र प्रकाश होता. मंद लाल किरणाचे कोडे वेगळे. रशियात टीना कारू यांनी दीर्घकाळ पेशींवर काम करून एक उत्तर सुचवले. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांमध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर आहे. श्वासातल्या ऑक्सिजनचा शेवटचा व्यवहार तेच करते. ते लाल आणि अवरक्तालगतचा प्रकाश शोषते. जखमी, कोंडलेल्या पेशीत या विकराला नायट्रिक ऑक्साइड चिकटून बसलेला असतो, प्रकाश त्याला सोडवतो आणि पेशीची ऊर्जानिर्मिती पुन्हा चालू होते, असे हे सूत्र. काचपात्रातल्या पेशींवर यातले बरेच दाखवता येते. मात्र एक अट सतत आडवी येते. थोडा प्रकाश चालना देतो, फार झाला तर उलट रोखतो. शेतकऱ्याला युरियाबद्दल जे ठाऊक असते तेच हे. त्यामुळे एखादा प्रयोग फसला की समर्थक म्हणतात, मात्रा चुकली. आणि मात्रेत किरणाची लांबी, शक्ती, वेळ, अंतर, किती दिवसांनी, किती वेळा असे इतके आकडे येतात की ती नेहमीच कुठे ना कुठे चुकलेली असू शकते.

माणसांच्या बाबतीत अमेरिकेतल्या अन्न व औषध प्रशासनाने अशा मंद लेसरला पहिली मान्यता २००२ साली दिली, तीही मनगटातल्या दबलेल्या शिरेच्या दुखण्यासाठी. घोड्यांना ती वाट बघावी लागली नाही. जनावरांवर वापरायच्या उपकरणांना तिथे बाजारात येण्याआधी मंजुरी घ्यावी लागत नाही. इतिहासाच्या दृष्टीने हे कलम मला कोणत्याही प्रयोगापेक्षा महत्त्वाचे वाटते. १९८३ सालीच कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, व्हीटली येथे, मॅककिबिन नावाच्या पशुवैद्यकाने शर्यतीच्या घोड्यांच्या जुनाट कंडरादुखीवर लेसर वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ते ब्रिस्टलचा डागणीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेच वर्ष. एक इलाज पुराव्याने पागेबाहेर जात होता, दुसरा पुराव्याची वाट न बघता आत येत होता. आणि दोघांचे गिऱ्हाईक एकच, महागडा घोडा बसून राहिलेला बघून कासावीस झालेला मालक.

या मालकाची टिंगल करणे सोपे आहे. पण त्याच्या बाजूने विचार करा. पायाची जखम भरायला दोन-तीन महिने लागणार. रोज धुणे, पट्टी बदलणे, माजलेले मांस छाटणे, धनुर्वाताची लस. (धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, त्यावरची प्रतिविषेही बराच काळ घोड्यांच्याच रक्तापासून बनवली जात होती, हा एक वेगळाच हिशेब आहे.) या सगळ्या कंटाळवाण्या कामात काही तरी ‘करत’ असल्याचे समाधान कुठेही नाही. दिवा लावून दहा मिनिटे उभे राहण्यात ते आहे. आणि त्या दहा मिनिटांसाठी रोज पट्टी सोडावी लागते, जखम बघावी लागते. एरवी चार दिवसांनी दिसला असता तो बिघाड पहिल्याच दिवशी दिसतो. लेसरमुळे होणारा हा फायदा खरा आहे, फक्त तो किरणाचा नाही.

मग किरणाचा किती? इथे घोडा स्वतःच साक्षीला येतो. माणसांवरच्या प्रयोगात एकाची जखम दुसऱ्याच्या जखमेशी ताडून बघावी लागते. वय वेगळे, आहार वेगळा, जखम वेगळी. घोड्याचे दोन पुढचे पाय मात्र एकाच रक्तावर, एकाच चाऱ्यावर, एकाच तबेल्यात वाढलेले असतात. भूल देऊन दोन्ही पायांवर मोजून सारखी जखम करायची, एकीवर किरण टाकायचा, दुसरीवर नाही, आणि मोजणाऱ्याला कोणती कोणती ते सांगायचे नाही. हे लिहायला सोपे आहे. ज्या घोड्यांच्या पायांवर मुद्दाम जखमा केल्या गेल्या त्यांच्याबद्दल वाचताना मात्र दर वेळी थांबायला होते. आजार नसलेल्या जनावराला जखम देऊन मिळवलेले ज्ञान आहे हे. निदान ते वाया जाऊ नये.

१९९२ साली कॅनडात फ्रेट्झ आणि ली यांनी असा प्रयोग केला. टाके न घालता उघड्या ठेवलेल्या जखमांवर मंद लेसरचा उपयोग दिसला नाही. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेत पीटरसन आणि सहकाऱ्यांनी सहा घोड्यांच्या खुरावरच्या सांध्यासमोर तीन सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद अशा जखमा केल्या. एका बाजूला रोज ८३० नॅनोमीटरचा अवरक्त किरण, दर चौरस सेंटिमीटरला दोन ज्यूल. जखम आक्रसण्याचा वेग आणि नवी कातडी येण्याचा वेग, दोन्ही मोजले. दोन पायांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. उत्रेख्तचा तट्टांवरचा अभ्यासही त्याच वर्षीचा. जखमेच्या अभ्यासकांनी त्या वर्षी यंत्रापेक्षा जनावराकडून जास्त शिकले असे म्हणायला हरकत नाही.

याने विषय मिटला नाही. २०१२ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे यान आणि सहकाऱ्यांनी पायाच्या नळीवरच्या जखमांवर प्रयोग केला आणि लेसर दिलेल्या जखमा लवकर भरल्याचे नोंदवले. जनावरे थोडी होती, पण निष्कर्ष होकारार्थी होता. समर्थकांनी तो उचलून धरला. त्यांचा जुन्या प्रयोगांवर आणखी एक आक्षेप असतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही: एका पायावर टाकलेल्या प्रकाशाचा परिणाम रक्तावाटे दुसऱ्या पायापर्यंत गेला, तर दोन्ही जखमा सारख्याच भरतील आणि फरक शून्य दिसेल. दोन पायांच्या तुलनेचे जे बळ, तीच तिची कमजोरी. पण हा आक्षेप दुधारी आहे. तो मान्य केला तर लेसर नेमका जखमेवरच धरण्याचे कारण उरत नाही. २०२०च्या सुमारास स्वीडनमधल्या अभ्यासकांनी लेसरऐवजी एकरंगी दिव्यांचा लाल आणि अवरक्त प्रकाश घोड्यांच्या जखमांवर वापरून पाहिला. जखम भरण्यात दखल घ्यावी असा फरक त्यांना आढळला नाही.

या सगळ्यात एक साधी अडचण अनेकदा विसरली जाते. घोड्याची कातडी काळी असते. शुभ्र दिसणारा घोडाही केसांखाली बहुधा काळाच असतो. केस आणि कातडीतले रंगद्रव्य प्रकाश खाऊन टाकतात. ओरेगॉनमध्ये घोड्याच्या कातडीतून आणि कंडरांतून लेसर किती पार जातो ते २०१६ साली मोजले गेले. केस भादरलेल्या आणि फिक्या कातडीतून तो अधिक जातो, असे दिसले. मेस्टरचे उंदीर भादरलेले होते हे इथे आठवावे. उंदराची कातडी कागदासारखी आणि त्याची जखम आक्रसून भरणारी. घोड्याच्या पायाची जखम तिच्या जवळपासही जात नाही. ज्या निरीक्षणावर पुढचे सगळे उभे राहिले ते निरीक्षण खोटे नव्हते; ते उंदराचे होते.

आणि आता बाजाराची चाल पाहा. या उपचाराचा जन्म यंत्र दुबळे होते म्हणून झाला. सुरुवातीच्या काळात वापरले गेलेले हीलियम-निऑन लेसर मिलिवॅटमध्ये मोजायचे. अर्ध्या वॅटच्या वर गेले की लेसर चौथ्या वर्गात, म्हणजे डोळ्याला आणि कातडीला धोकादायक वर्गात मोडतो. आज पागांमध्ये विकली जाणारी यंत्रे बहुतकरून याच वर्गातली आहेत, दहा-पंधरा वॅटची. खोलवर जाते, वेळ कमी लागतो, असे विक्रेता सांगतो. घोड्याला आणि माणसाला दोघांनाही डोळ्यांवर संरक्षण बांधावे लागते. किरण एका जागी थांबला तर काळी कातडी तापते, म्हणून हात सतत फिरता ठेवायचा असतो. थंड किरण आता थंड राहिलेला नाही. नील नदीपासून तापीपर्यंत ज्या पायाला माणसाने विस्तव लावला, त्याच पायावर आता पुन्हा ऊब निर्माण करणारे यंत्र धरले जाते आहे, आणि अंगाच्या मानाने थंड असलेल्या त्या भागाला नुसत्या उबेचा काही उपयोग होत असेल का, हा प्रश्न किरणाच्या प्रश्नात मिसळून गेला आहे.

मी पशुवैद्यक नाही. पण दोन-तीन पशुवैद्यकांशी या विषयावर पुष्कळ बोललो. त्यांच्यातल्या एकाने लेसर घेतलेला आहे आणि तो वापरतोही. कंडरेच्या दुखण्यात वेदना कमी झाल्यासारखी वाटते म्हणाला; जखमेच्या बाबतीत त्याने खांदे उडवले. मग त्याने एका घोडीच्या मागच्या पायाच्या जखमेचे मोबाइलवरचे फोटो दाखवले, पहिल्या दिवसापासून नव्वदाव्यापर्यंत. तारेने सोललेली नळी, मग तांबडे दाणे, मग काठाची गुलाबी रेघ, मग ती रेघ आत आत सरकत गेलेली. प्रत्येक फोटोत जखमेशेजारी एक छोटी मोजपट्टी धरलेली होती. लेसर कितव्या दिवशी सुरू केला ते मी विचारले. त्याने फोटो पुढे-मागे सरकवून पाहिले, वहीत पाहिले. मग म्हणाला, या घोडीला लेसर दिलाच नव्हता, यंत्र तेव्हा दुरुस्तीला गेले होते.